नेव्हिल डिसोझा रिटायर कधी झाला? एका चुकलेल्या रकान्याबद्दल

पेट पास झालात, गाईड मिळाले आणि आता सिनॉप्सिस लिहायला बसला आहात, असं धरून चालतो. मुलाखतींवर काम करणार असाल तर प्रश्नावली जोडावी लागते. ती करताना आपल्यातले बरेच जण एकच युक्ती करतात. परदेशी पेपरमधला तक्ता घ्यायचा, त्याचे रकाने मराठीत आणायचे आणि वर आपल्या विद्यापीठाचं नाव टाकायचं. मीही तेच केलं होतं. माझा विषय आहे मुंबईतल्या कंपन्यांच्या, बँकांच्या आणि रेल्वेच्या टीममधून खेळलेले फुटबॉलपटू, आणि खेळ थांबल्यानंतरचं त्यांचं आयुष्य. प्रश्नावलीत सातवा रकाना होता : 'निवृत्तीचं वर्ष'. आज लिहायचंय ते त्या सातव्या रकान्याबद्दल.

पहिली मुलाखत घरापासून जवळच घेतली, नंदाखालला. मी वसईचा, त्यामुळे ओळखीतून ओळख निघाली. अंकल एका मोठ्या कंपनीच्या टीममध्ये डाव्या बाजूला खेळायचे. सकाळी विरार लोकल, दुपारपर्यंत ऑफिस, मग प्रॅक्टिस, आणि रात्री परत. मी विचारलं, "अंकल, तुम्ही रिटायर कधी झालात?" त्यांनी लगेच तारीख सांगितली. अठ्ठावन्न पूर्ण झाली तेव्हा. पीएफ, ग्रॅच्युइटी सगळं वेळेवर मिळालं, हेही सांगितलं. मी म्हटलं, "तसं नाही, फुटबॉलमधून." त्यांनी आंटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "फुटबॉलमधून कोण रिटायर होतं?"

मी वहीत लिहिलं, 'उत्तर टाळलं'. आज ती ओळ वाचताना लाज वाटते. माणसाने उत्तर दिलं होतं, प्रश्नच कच्चा होता. पण हे कळायला मला अंकलकडून नाही, एका भलत्याच माणसाच्या चरित्रातून कळायचं होतं. तो माणूस म्हणजे नेव्हिल डिसोझा.

नाव ऐकलं नसेल तर थोडक्यात सांगतो. जन्म ३ डिसेंबर १९३२, गोव्यातलं आसगाव. मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लब आणि पुढे कॅलटेक्सकडून खेळला. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये १ डिसेंबरला भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं, त्यातले तीन गोल याचे. चोविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच, पण ती आघाडी काही मिनिटंच टिकली आणि सामना ४-१ने गेला. तिसऱ्या क्रमांकासाठी बल्गेरियाने ३-० हरवलं. चार गोलांसह तो स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक ठरला. मृत्यू १७ मार्च १९८०. वय ४७.

आता त्याच्यावरचा कुठलाही स्मरणलेख उघडा. ऑलिंपिक आलं की असे लेख येतातच. माझ्या फोल्डरमध्ये बरेच जमलेत, मराठी, इंग्रजी, कोकणी मिळून. त्यांची बांधणी जवळजवळ एकसारखी असते. आसगाव, मग मेलबर्न, मग तीन गोल, मग 'आज त्याची आठवण कुणाला आहे?' हा सवाल, आणि मग १९८०. म्हणजे १९५६ डिसेंबर ते १९८० मार्च ही तेवीस वर्षं एका परिच्छेद-खुणेत संपतात. त्याआधीची चोवीस वर्षंही फारशी नसतात, पण निदान गावाचं नाव तरी असतं. एक माणूस सत्तेचाळीस वर्षं जगला आणि त्याच्यावरचं लेखन नव्वद मिनिटांचं आहे.

इथे मला तुमच्याशी टीकाकार म्हणून बोलायचंय, चाहता म्हणून नाही. हे लेख वाईट हेतूने लिहिलेले नसतात. अडचण अशी की ज्या प्रकारात ते लिहिले जातात, त्या प्रकाराला खेळाडूच्या आयुष्यातला फक्त शिखराचा क्षण लागतो. बाकीचं त्या क्षणाला उतार म्हणून जोडलं जातं. पुराव्याशिवाय 'उपेक्षित' हे विशेषण बसतं, आणि एकदा ते बसलं की सत्तेचाळीसाव्या वर्षी आलेला मृत्यू आपोआप शोकांतिकेचा शेवटचा अंक वाटायला लागतो. लेखकाने तसं कुठेही लिहिलेलं नसतं, पण वाचणाऱ्याच्या मनात तसंच उतरतं. तुमच्या प्रबंधात असं एखादं विशेषण सापडलं तर व्हायवात पहिला प्रश्न त्यावर येईल हे लक्षात ठेवा.

जे ठोस आहे तेही हे लेख घाईत उडवतात. भारत चौथा आला, बरोबर. पण त्या स्पर्धेत संघ होते अकरा. हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला पहिल्या फेरीत खेळावंच लागलं नाही. म्हणजे भारताने अख्ख्या स्पर्धेत एकच सामना जिंकला, तो ऑस्ट्रेलियाविरुद्धचा, आणि त्या एकमेव विजयातले चारपैकी तीन गोल डिसोझाचे. हे सांगितल्याने त्याची कामगिरी लहान होते का? मला तर उलट वाटतं. 'सुवर्णकाळाचा एक शिलेदार' म्हणण्यापेक्षा 'तो विजय बऱ्याच अंशी याच्या पायातून आला' हे जास्त जड विधान आहे, आणि सिद्धही करता येतं.

दुसरं, आसगाव. गोवा १९६१पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. म्हणजे १९५६ साली भारताच्या जर्सीत हॅटट्रिक करणाऱ्या खेळाडूचं जन्मगाव तेव्हा भारतात नव्हतं. गोव्याच्या फुटबॉलच्या राजकारणावर जेम्स मिल्स यांनी लिहिलंय, पोर्तुगीज काळ आणि नंतरचा काळ दोन्ही धरून. पण स्मरणलेखांत 'गोव्याचा सुपुत्र' या दोन शब्दांत तो सगळा गुंता मिटवलेला असतो. त्या काळात मुंबईत खेळणाऱ्या गोवेकराला 'आपला देश' या शब्दाचा काय अर्थ होता, हा एक स्वतंत्र पीएचडीचा विषय आहे. कुणाला हवा असेल तर घ्या, माझ्याकडून शुभेच्छा.

सिनेमाचंही एक सांगून टाकतो, कारण सेमिनारमध्ये हमखास कुणीतरी विचारतं. 'मैदान' हा २०२४चा सिनेमा, अमित शर्मांचा, प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्यावरचा. १९५२च्या हेलसिंकीतल्या दारुण पराभवापासून १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णापर्यंत. मेलबर्न त्यात येतंच. सामन्यांचं चित्रण मला आवडलं, प्रामाणिकपणे. पण या कथेला रहीम यांच्या आयुष्याने एक शेवट देऊन ठेवलाय : सुवर्णपदक, आजार आणि १९६३मध्ये मृत्यू. सिनेमाला असा शेवट लागतोच. डिसोझासारख्या खेळाडूला त्या रचनेत फक्त मधला भाग मिळतो. तो येतो, गोल करतो, गोष्ट पुढे जाते. सिनेमाकडून यापेक्षा जास्त मागणं योग्य नाही, पण संशोधक जेव्हा हीच रचना उचलतो तेव्हा मला त्रास होतो.

मग निवृत्तीचं काय? इथेच माझा सातवा रकाना अडकला.

क्रीडा-निवृत्तीवर इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलंय. सुरुवातीच्या अभ्यासकांनी म्हातारपणाच्या आणि मृत्यूच्या अभ्यासातून कल्पना उसन्या घेतल्या, 'सामाजिक मृत्यू' ही त्यातलीच. १९८३ साली जे कोकली यांनी त्याला छेद दिला. खेळ सोडणं हा काहींसाठी पुनर्जन्मही असू शकतो, आणि काय होईल हे त्या माणसाच्या सामाजिक परिस्थितीवर ठरतं, असा त्यांचा मुद्दा. १९९३मध्ये ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी 'मी म्हणजे फक्त खेळाडू' ही ओळख किती घट्ट आहे हे मोजायची प्रश्नावली आणली. १९९४मध्ये टेलर आणि ओगिल्व्ही यांनी जे प्रारूप मांडलं, त्यात खेळ थांबण्याची मुख्य कारणं चार : वय, निवड न होणं, दुखापत आणि स्वतःची इच्छा. माझा तक्ता याच प्रारूपातून आलेला. प्रारूप चांगलं आहे. फक्त त्याच्या पोटात एक गृहीतक आहे, की खेळ हा माणसाचा पेशा आहे आणि तो पेशा एका दिवशी संपतो.

सुनील छेत्रीला हे प्रारूप अंगच्या शर्टासारखं बसतं. १६ मे २०२४ला त्याने व्हिडिओ टाकून घोषणा केली, ६ जूनला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर कुवेतविरुद्ध निरोपाचा सामना झाला, ०-० सुटला, आणि ९४ आंतरराष्ट्रीय गोलांवर आकडा थांबला. कारण, स्वतःची इच्छा. रकाना भरला. मग मार्च २०२५मध्ये तो परत आला आणि मालदीवविरुद्ध गोलही केला! आता रकान्यात काय लिहायचं? छेत्रीच्या बाबतीत निवृत्ती ही एक जाहीर घोषणा आहे, आणि घोषणा मागे घेता येते. पण निदान घोषणा आहे. तिला तारीख आहे, व्हिडिओ आहे, प्रेक्षक आहेत.

डिसोझाच्या काळात ऑलिंपिक हौशी खेळाडूंसाठी होतं. फुटबॉल खेळण्याचा पगार घेतो असं कागदावर आलं असतं तर तो मेलबर्नला जाऊच शकला नसता. टाटा किंवा कॅलटेक्सच्या टीममध्ये असणं याची कागदोपत्री भाषा नोकरीची होती : कर्मचारी, रजा, ड्यूटीवरून सूट. १९५८ साली कॅलटेक्सने रोव्हर्स कप जिंकला तोही कंपनीचा संघ म्हणून. या व्यवस्थेत खेळ थांबतो तेव्हा कुठलंही दार बंद झाल्याचा आवाज होत नाही. माणूस संघाच्या यादीत दिसेनासा होतो आणि हजेरीपटावर तसाच राहतो. आधी दुपारी चार वाजता सुटायचा, आता साडेपाचला सुटतो, एवढाच फरक. म्हणजे 'नेव्हिल डिसोझा रिटायर कधी झाला?' या प्रश्नाचं उत्तर हरवलेलं नाही. आपण १९५६च्या माणसाला २०२४चा प्रश्न विचारतोय.

हे लक्षात आलं तेव्हा मी बोरिवलीच्या अलीकडे कुठेतरी उभा होतो, दारात, एका हातात फोन. नंदाखालचे अंकल आठवले. फुटबॉलमधून कोण रिटायर होतं?

पण इथे एक सावधगिरी. 'त्यांच्या जगात निवृत्ती नव्हतीच' असं म्हणून मोकळं होणं ही दुसऱ्या टोकाची चूक. खेळ थांबतो, शरीर थांबतं, कधी संघच थांबतो. मेलबर्नच्याच संघातला तुलसीदास बलराम घ्या. रेल्वेत नोकरी, आणि तब्येतीमुळे १९६३मध्ये सत्तावीसच्या आसपास खेळ सोडावा लागला. हे आपल्याला नीट माहीत आहे, आणि का माहीत आहे ते बघा. बलराम २०२३पर्यंत जगले. भारतीय फुटबॉलच्या जुन्या दिवसांबद्दल पत्रकारांना आणि इतिहासकारांना उत्सुकता वाटू लागली तेव्हा ते मुलाखत द्यायला होते. पी. के. बॅनर्जी २०२०पर्यंत होते, त्या संघाचे कर्णधार बद्रू बॅनर्जी २०२२पर्यंत. डिसोझा १९८०मध्ये गेला. 'विस्मृतीत गेलेला' आणि 'मुलाखतीच्या काळापर्यंत न जगलेला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्मरणलेख त्या सर्रास एकत्र करतात. तोंडी इतिहासावर काम करणाऱ्यांनी हे वाक्य कुठेतरी चिकटवून ठेवा : आपली साधनं जे दीर्घायुषी झाले त्यांच्या बाजूने झुकलेली असतात.

संघ थांबण्याचं उदाहरण तर मुंबईतच आहे. महिंद्राचा संघ १९६२पासून होता. महिंद्रा युनायटेड नावाने त्याने २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१०मध्ये कंपनीने तो बंद केला. स्टीव्हन डायससारखा नावाजलेला विंगर गोव्यात चर्चिल ब्रदर्सकडे गेला. २०१३मध्ये परवान्याच्या निकषांवर एअर इंडिया आय-लीगमधून बाहेर, २०१७मध्ये मुंबई एफसी संपला. आता टेलर-ओगिल्व्हींच्या चार कारणांत हे कुठे बसवाल? वय नाही, दुखापत नाही, इच्छा तर नाहीच. 'निवड न होणं' म्हणायचं तर निवड करणारंच कुणी उरलं नव्हतं. अशा वेळी प्रारूपात पाचवं कारण घालावं असं मला वाटतं. माझ्या गाईडना वाटतं की प्रारूपाला हात लावण्याआधी आणखी दहा मुलाखती कराव्यात. त्यांचं बरोबर आहे, पण मी हे इथे लिहून ठेवतोय.

मग डिसोझासारख्याचा माग काढायचा तर कुठे जायचं? स्मरणलेखांतून नाही, ते एकमेकांवरून उतरवलेले असतात. वर्तमानपत्रांच्या जुन्या फाईली घ्या, एशियाटिक सोसायटीत बसा, आणि क्रीडापानावरच्या बातम्या वाचू नका, संघाच्या याद्या वाचा. हार्वूड लीग, रोव्हर्स, संतोष ट्रॉफी. नाव शेवटचं कधी दिसतं ते टिपा, पण तेच निवृत्तीचं वर्ष असं लिहू नका. ते फक्त 'यादीत शेवटचं दिसल्याचं' वर्ष आहे. दुखापतीतून उठून माणूस दोन मोसमांनी खालच्या डिव्हिजनला खेळलेला असू शकतो. कंपनीची गृहपत्रिका हा दुसरा खजिना. टाटांचं मध्यवर्ती अभिलेखागार पुण्यात आहे, तिथे रीतसर अर्ज करून जाता येतं. कॅलटेक्सचं कोडं जास्त अवघड. कंपनी १९७६च्या अखेरीस सरकारने ताब्यात घेतली आणि १९७८मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन केली. ज्या संघाकडून माणूस खेळला त्या कंपनीची पाटीच बदलली, तर फाईली कुठल्या कपाटात गेल्या हे शोधणं हाच संशोधनाचा पहिला टप्पा. कंटाळवाणं आहे. मी आधीच सांगतो, यात धूळ जास्त आणि माहिती कमी असते.

आणि हे सगळं केल्यावर जे हाती लागेल त्यात नाट्य नसेल याची तयारी ठेवा. कदाचित एक बदलीचा हुकूम, एक पदोन्नती, एक सेवा-सन्मान समारंभाचा फोटो. ज्याला आपण शोकांतिका समजत होतो ते एका माणसाचं साधं, नोकरदाराचं आयुष्य निघू शकतं. कुणाची निराशा होईल. मला वाटतं की तो माणूस मग पहिल्यांदा आपल्याला पूर्ण भेटतो, तीन गोलांसकट.

नंदाखालला मी परत गेलो, नाताळच्या सुट्टीत. आंटीने कुकीसवार ताट पुढे केलं आणि म्हणाल्या, "ह्याला सांगा आता नीट, बिचारा दोनदा आला." मी सातवा रकाना खोडला होता. त्याच्या जागी तीन प्रश्न होते. कंपनीच्या यादीत शेवटचं नाव कधी लागलं, त्यानंतर ऑफिसातून सुटल्यावर संध्याकाळी कुठे जायचात, आणि शेवटचे बूट कुणाला दिलेत.

पहिल्याचं उत्तर दोन मिनिटांत झालं. गुडघा, मग नवा साहेब, मग यादीतून नाव गेलं. दुसऱ्यावर पाऊण तास गेला. बहुतेक सगळा विरार लोकलच्या गर्दीबद्दल होता, आणि पाच वर्षं आपण कूपरेजच्या दिशेलाच वळलो नाही याबद्दल. बोलताना ते थांबत होते, मी रेकॉर्डर बंद करायचा का विचारलं तर नको म्हणाले. तिसऱ्या प्रश्नाला ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि बूट घेऊन आले. कुणालाच दिले नव्हते. चर्चच्या मैदानावर रविवारी पोरांच्या मॅचमध्ये रेफ्री म्हणून एकसष्टाव्या वर्षापर्यंत तेच घालत होते, तळवा दोनदा बदलून.